काहिलीतली बैठक

माझं नाव संयोगिता. पण गावात या नावानं चौकशी केलीत तर चार माणसं डोकं खाजवतील. आशाताई म्हणा, लगेच घर दाखवतील. चौदा वर्षं झाली हे काम करते आहे. लसी, बाळंतपणं, गोळ्या, सर्व्हे आणि सर्व्हे झाला का याचा सर्व्हे. मी दमलेली बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी या गोष्टीत शौर्यबिर्य शोधत बसायला नको.

आमचं गाव कुरुंदवाडच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणात. पूर आम्हाला नवा नाही. पूर आला की नदीचं पाणी ओढ्यात उलटं चढतं, आणि ओढ्यापलीकडचा अण्णाप्पा अज्जांचा मळा बेट होऊन बसतो. मळ्यात तिघांचा संसार: अज्जा, त्यांची नात शांभवी आणि म्हशी. शांभवीचे आईबाप इचलकरंजीत मागावर कामाला. पोरगी कॉलेजला जाते, अज्जांना भाकरी घालते आणि दिवसातून चार वेळा स्वतःच्या पोटात इंजेक्शन टोचून घेते. नऊ वर्षांची होती तेव्हापासून तिला साखरेचा आजार आहे. गोळ्यांनी भागणारा नव्हे. इन्शुलिन एक दिवस चुकलं तर अंथरूण, दोन दिवस चुकलं तर दवाखाना, आणि त्यापुढचं मी बोलत नाही.

दोन हजार एकवीसच्या पुरात ते चुकलं. बाटल्या माझ्याकडं होत्या, लाल थर्मासात बर्फ घालून ठेवलेल्या. मी अलीकडच्या काठावर, ती पलीकडं. मध्ये पाणी. बोट उद्या येते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही उद्या येते म्हणाले. तीन दिवस मी तो थर्मास छातीशी धरून देवळाच्या कट्ट्यावर उभी होते. मग बोट आली, पोरगी दवाखान्यात गेली, चार दिवस काचेच्या खोलीत राहिली आणि वाचली. परत आल्यावर मी तिला भेटायला गेले, तर हसून म्हणाली, "अक्का, तुमी तितनं दिसत हुतासा. लाल थर्मास दिसत हुता."

तिनं ते मायेनं म्हटलं होतं. मला मात्र ते वाक्य महिनोन्महिने झोपू देईना.

त्या पुरानंतर मदत आली. बिस्किटं आली, जुने कपडे आले, त्यात उंच टाचांचे सँडलही आले, आणि दोन नारंगी प्लास्टिकच्या होड्या आल्या. कयाक म्हणतात त्यांना. अरुंद, लांब, वर दोन माणसांना बसायला खोलगट जागा. सरपंच विजयसिंहांनी गळ्यात हार घालून त्यात बसून फोटो काढला. शिकवायला माणूस पाठवतो, असं देणारे सांगून गेले. तो माणूस अजून वाटेतच असावा. एक होडी कुणाच्या तरी गोठ्यात म्हशींचं पाणी भरायला गेली. दुसरी पंचायतीच्या मागं पालथी पडली, तिच्याखाली कुत्री व्याली. अंगात घालायची फुगीर जाकिटं गणपती विसर्जनाला नेली ती गणपतीबरोबरच गेली.

मी सरपंचांकडं गेले. म्हटलं, "ती पालथी होडी मला द्या."

"आशाताई, तुमास्नी पवाय तर येतंय का?"

"न्हाय."

"मग? बुडला तर?"

"बुडले तर दाखला तुमच्याच हापिसातनं मिळतोय की. लांब जायला नको."

होडी मिळाली. कुत्रीची समजूत काढायला मात्र दोन दिवस गेले.

आता आमचे मालक. आकाराम त्यांचं नाव. तीस वर्षं गुऱ्हाळावर गुळव्या होते. रस किती शिजला, काहील कधी उतरवायची, हे नुसत्या वासावरून सांगायचे. गुऱ्हाळ बंद पडलं, काहील भंगारात गेली, आणि हे घरी येऊन बसले. भांडत नसत, बोलतही नसत. मी पहाटे उठून माझ्या वाटेनं, ते त्यांच्या वाटेनं. ताट वाढायचं, ताट उचलायचं. तीस वर्षांच्या संसारात एवढं शांत घर कधी नव्हतं आणि एवढं नकोसंही नव्हतं.

होडी दारात आणली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, "ह्यात काय शिकायचं हाय? व्हडी म्हंजे लांबुडकी काहील."

काहील म्हणजे गूळ शिजवायची लोखंडाची प्रचंड परात, दहा माणसं आत बसतील एवढी. आमच्याकडं पुरात तीच होडी. दोन हजार पाचच्या पुरात यांनी काहिलीतून निम्मी गल्ली बाहेर काढली होती, त्यामुळं पाण्याच्या बाबतीत गावात यांचा शब्द खाली पडत नाही. आणि काहिलीचा एक नियम आहे: दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं इकडं, एकानं तिकडं, म्हणजे तोल राहतो. शिवाय तुझ्या पाठीमागचं मला दिसतं, माझ्या पाठीमागचं तुला.

तर फेब्रुवारीत, बंधाऱ्याला बरगे, म्हणजे फळ्या, घालून पाणी अडवल्यावर, आम्ही संध्याकाळी नदीवर गेलो आणि नियमाप्रमाणे समोरासमोर बसलो. मी मागच्या जागेवर, ते पुढच्या. त्यांच्या जागेला टेकायची पाठ होती, ती त्यांना पाय रोवायची फळी वाटली. आत्ता हसू येतं. तेव्हा दोघांनाही ते इतकं बरोबर वाटलं होतं की शंकासुद्धा आली नाही. माझ्या पाठीला जुन्या लुगड्यानं तेलाचा रिकामा कॅन बांधलेला. हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं.

"मार!" ते म्हणाले.

आम्ही जीव खाऊन वल्हवायला लागलो. होडी जागच्या जागी. ते त्यांच्याकडं पाणी ओढणार, मी माझ्याकडं. मध्येच गोल फिरायची, एकदा कलंडली. नाकातोंडात पाणी गेलं, कॅननं मला वर आणलं आणि यांनी पदराला धरून काठावर. धुणं धुणाऱ्या बायकांनी पिळे खाली ठेवले आणि निवांत बसून बघायला लागल्या. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

सलग तीन संध्याकाळी हेच. यांचं मत ठरलं, होडीच खोटी आहे, म्हणूनच फुकट दिली. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हटलं. तिथून जी जुंपली ती गुऱ्हाळ, माझ्या मीटिंगा, त्यांचं घरात बसणं, सगळं घेऊन जुंपली. भर नदीत. शेवटी ते ओरडले, "तुझं त्वांडच बघायला नको मला!" आणि होडी हलवत, डगमगत, माझ्याकडं पाठ करून बसले आणि रागानं वल्हं पाण्यात हाणलं.

मीही रागात होते. मीही हाणलं. होडी सुटली की हो! सरळ, सुर्रकन, अडवलेल्या पाण्याच्या मध्यापर्यंत.

काठावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. मग यांनी मागं न बघता विचारलं, "आता काय केलंस?"

"काय न्हाय. तुमी पाठ फिरवली, एवढंच."

आमचा संसार तरी दुसरा कुठं कसा चालला होता? पण ते मी बोलले नाही.

पुढचं हळूहळू कळत गेलं. पात्याचा खोलगट भाग आपल्याकडं हवा, हे कळायला दोन आठवडे आणि माझा उजवा खांदा गेला. पुढचा जोर लावतो आणि मागचा वळवतो, हे कळायला आणखी आठवडा. मागं मी होते, म्हणजे वळवणं माझ्याकडं आलं. डावीकडं जायचं तर उजवीकडून लांब हात मारायचा. कलंडली तर काठ धरायला झडप घालायची नाही, बसल्या बसल्या पडायचं आणि होडी सोडायची नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, त्यात निळं पाणी आणि गोरी माणसं. आमच्या जलपर्णीत वल्हं अडकलं तर काय करायचं, हे त्यांनाही माहीत नसावं. ते यांनी सांगितलं. धारेचंही यांनीच सांगितलं, "धारंसंगं भांडायचं न्हाय. त्वांड जरा वरच्या अंगाला ठिवायचं आन् सरकत ऱ्हायाचं. पाणीच पलीकडं नेतंय."

दिवसभर गावभर हिंडायचं, संध्याकाळी पाण्यात पडायचं, घरी येऊन भाकरी थापायच्या. रात्री हात वर उचलत नसे. एकदा यांनी न बोलता पिठाची परात माझ्यापुढून ओढून घेतली आणि भाकरी थापली. नकाशासारखी झाली होती. मी खाल्ली.

जुलैत पाणी चढायला लागलं. सगळ्यांना शाळेत हलवलं. अज्जा हलेनात. लहानथोर प्रत्येक बाईला ते कानडीत यव्वा, म्हणजे आई, म्हणत. "म्हशी कुठं निऊ यव्वा? मागल्या बारीला नेल्या, दोन वाटंतच गेल्या." आणि शांभवी म्हणे, "अज्जांला एकट्याला सोडून मी न्हाय येत." मी समजावलं, रागावले, सरपंचांना नेलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी पंधरा दिवस पुरेल एवढं इन्शुलिन मडक्यात ओली वाळू घालून त्यात ठेवून दिलं. म्हटलं, जरा काही झालं तर फोन कर. व्हय म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी फोन आला. आवाज ओळखू येईना. "अक्का, उलट्या हुतायत."

"आणि इंजेक्शन?"

मग सगळं बाहेर आलं. गोठ्यात पाणी शिरलं म्हणून अज्जांनी म्हशी घरातल्या सोप्यात आणून बांधल्या. एकीनं लाथ मारली, मडकं फुटलं, बाटल्याही फुटल्या. हे परवा. परवा!

"मग परवाच फोन का केला न्हाईस?"

"तुमी दमलेला असताय अक्का. म्हटलं, बोट आली की आणतील."

माझं दमणं त्या पोरीला दिसत होतं आणि तिनं माझे कष्ट वाचवायला बघितलं. मला स्वतःचीच चीड आली.

बोटीला फोन लावला. बोट पलीकडच्या गावात अडकलेल्या माणसांकडं होती. मळ्यावर उद्या येते म्हणाले. मी फोन ठेवला. थर्मासात बर्फ भरला, आरोग्य केंद्रातून बाटली घेतली. बाहेर आले तर यांनी होडी खांद्यावर घेतलेली होती.

पलीकडं जायला पाऊण तास लागला. पाणी चहाच्या रंगाचं. उसाचे नुसते शेंडे वर, आणि विजेच्या तारा हाताला लागतील एवढ्या खाली. वीज बंद होती म्हणून बरं. पुढं बसून हे सांगत होते, "डाव्वं. खांब हाय. आता उजवं." मी वळवत होते. भीती वाटायला सवड नव्हती.

शांभवी खाटेवर होती. ओठ फुटलेले, श्वास खोल आणि घाईचा, तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आत्ता एवढं टोचा, पण नुसत्या त्यानं भागणार नाही, सलाईन लागेल. दोन तासांत इकडं आणा.

टोचलं. मग यांच्याकडं बघितलं. होडीत जागा दोन आणि माणसं तीन.

"तू ने हिला," हे म्हणाले.

"मला एकटीला न्हाय जमायचं. जोर तुमचा असतोय."

"मागं बसून वळवायचं तुला येतंय. मला कुठं येतंय?"

खरं होतं ते. पाच महिन्यांत मागच्या जागेवर ते एकदाही बसले नव्हते. मला रडू येत होतं, आणि रडायला बसले तर पोरगी जाणार होती.

तिला पुढं बसवलं तर तिची मान पुढं पडायची. मला नुसते तिचे केस दिसायचे. जागी आहे की नाही, श्वास चालू आहे की नाही, काही कळायचं नाही. मी क्षणभर थांबले आणि म्हटलं, "उलटी बसवा. माझ्याकडं त्वांड करून."

यांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. मग पिंजराचं, भाताच्या काडाचं पोतं आणून तिच्या पाठीशी लावलं आणि माझा कॅन सोडून तिला बांधला. तिचे पाय माझ्या पायांत अडकवले. अज्जा "यव्वा, यव्वा" एवढंच म्हणत होते, आम्हा दोघींतल्या कुणाला ते मला कळलं नाही. यांनी होडी ढकलली.

धार जोरात होती. तोंड वरच्या अंगाला ठेवलं, सरकत राहिले. पण पुढं बघायला कोणी नव्हतं, आणि शांभवीच्या डोक्यापलीकडचं मला नीट दिसेना. मागून यांची हाक आली, वाऱ्यात विरली. मान वळवायची सोय नव्हती. वळवली की होडी वळते.

"शांभवी, डोळं उघड. माझ्या मागं बघ. काका काय करत्यात?"

तिनं कष्टानं बघितलं. "टावेल... हलवत्यात."

"कुठल्या अंगाला?"

"ह्या." तिनं हात उचलला. तिचा उजवा, म्हणजे माझा डावा. मी वळवलं. बाजूनं एक अख्खं झाड मुळांसकट निघून गेलं.

मळा उंचावर. तिथून त्यांना सगळी धार दिसत होती. ते टॉवेल दाखवायचे, ती बघायची, मला सांगायची आणि मी वळायची. प्रत्येक वेळी मी विचारायची, "आता काय करत्यात गं?" म्हणजे तिला डोळे उघडे ठेवावे लागायचे. खांब गेला, गुऱ्हाळाचं पत्र्याचं छप्पर गेलं.

मग ती म्हणाली, "आता काका दिसत न्हाईत."

उसाच्या आड गेलो होतो. आता ना पुढचं कोणी सांगणार, ना मागचं. खरं सांगते, त्या वेळी मला सगळं सोडून द्यावंसं वाटलं. पूर, पोरगी, हे गाव, सगळं. मी मोठ्यानं म्हणाले, "मी दमले गं. मला न्हाय आता जमत."

तिचे डोळे मिटत आले होते, ते उघडले. "मागल्या बारीला तुमी नुसत्या हुब्या हुतासा," ती म्हणाली. "आता येतायसा की."

मी वल्हं मारलं. मग आणखी एक मारलं. शाळेच्या मैदानावर ट्रॅक्टर उभा होता, माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरून आली. कुणी तिला उचललं, कुणी मला. ट्रॅक्टरनं तिला ॲम्ब्युलन्सपर्यंत नेलं. नर्स बरोबर गेली. मी चिखलात होडीला टेकून बसले. हाताची बोटं वल्ह्यावरून सुटेनात, एकेक करून उघडावी लागली.

साडेचारला नर्सचा फोन आला. सलाईन लागलं, साखर उतरतेय, पोरगी बोलते आहे. पाणी मागते आहे.

मी उठले आणि होडी ओढायला लागले. विजयसिंह धावत आले. "आता कुठं? आकाराम तिथं सुखरूप हाय. उद्या बोट येतीय की, आशाताई."

"उद्या मला सांगू नका," मी म्हटलं. होडी पाण्यात ढकलली.

तोवर पाऊस थांबला होता आणि धारही जरा मवाळली होती. किती वेळ लागला ते आठवत नाही. मळ्याच्या काठावर हे दगडावर बसलेले, टॉवेल अजून हातातच. मी दिसल्यावर उठले नाहीत. जवळ गेल्यावर विचारलं, "पोरगी?"

"बोलतीया. पाणी मागतीया."

त्यांनी तो टॉवेल तोंडाला लावला आणि बराच वेळ तसाच धरला. अज्जा मागं म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी मला नुसते हात जोडले.

"कशाला आलीस?" हे म्हणाले. "उद्या आलो असतो की बोटीनं."

"बसा."

ते होडीत उतरले. पुढच्या जागेवर बसले, आणि पाय फळीला रोवून माझ्याकडं तोंड केलं. पहिल्या संध्याकाळी बसले होते तसंच.

"अवो, उलटं बसलाय."

"म्हाईत हाय. तुला मागचं दिसत न्हाय की."

"आणि वल्हं?"

त्यांनी ते आडवं मांडीवर ठेवलं होतं. "दमलोय गं," ते म्हणाले. "तू गेल्यापास्नं हुबा हुतो. तू दिसायची बंद झालीस, तवा लई भ्यालो."

तीस वर्षांत या माणसानं असं काही मला पहिल्यांदा सांगितलं. केवढा म्हातारा दिसत होता. मीही त्याला तशीच दिसत असणार.

"मीबी दमले," मी म्हटलं.

"मग हळू मार. घाई कुठं हाय?"

मी वल्हं पाण्यात घातलं. ते माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिले, आणि मधूनच माझ्याकडं.